औषधाच्या बाटलीवरचं शंकरपाळं मोठं करा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

खरिपाच्या फवारण्या सुरू झाल्यात म्हणून कीटकनाशकाच्या बाटलीवरच्या धोक्याच्या चिन्हाबद्दल हे पत्र लिहितोय. जरा लांबलंय, पण जमलं तर कापू नका, अर्धं छापलं तर मुद्दा कळायचा नाही. मी जिंतूर तालुक्यातल्या एका गावचा. एकतीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली, आता रिटायर होऊन वडिलांची पाच एकर बघतो, कापूस आणि सोयाबीन. मी काय डॉक्टर नाही का शास्त्रज्ञ नाही, पण रेघ, कोन, त्रिकोण, वर्तुळ ह्यातच सगळी नोकरी गेली, म्हणून ह्या विषयावर बोलायचा थोडा हक्क आहे असं मला वाटतं.

मागच्या वर्षी भाद्रपदात आमच्याकडं जे झालं ते आधी सांगतो. आमच्या शेतावर वीस वर्षांपासून एक मावशी कामाला येतात, आखाड्यावरच, म्हणजे शेतातल्या घरातच राहतात. शाळेचं तोंड बघितलेलं नाही, पण पेरणीचा अंदाज त्यांचा माझ्यापेक्षा पक्का. त्यांना दोन दिवस खोकला होता, मी खोकल्याचं औषध आणून आखाड्यावरच्या देवळीत ठेवलं आणि परभणीला गेलो. संध्याकाळी फोन केला, म्हणलं मावशी, देवळीतलं औषध घेतलं का, घेतलं नसेल तर एक टोपण घ्या. आता त्याच देवळीत फवारणीची उरलेली बाटली पण होती, ती मीच चार दिवसांपूर्वी ठेवलेली. आपल्याकडं दोन्हीला औषधच म्हणतात. पिकावर मारायचं ते पण औषध, माणसानं प्यायचं ते पण औषध. लाईट गेलेली, दोन्ही बाटल्या एकाच उंचीच्या, दोन्हीचं टोपण पांढरं. मावशींनी हाताला लागली ती बाटली घेतली, टोपणात ओतलं आणि तोंडाला लावलं. वास आला आणि जीभ पोळली म्हणून लगेच थुंकलं, नाहीतर आज हे पत्र वेगळं असतं.

त्यांच्या पुतण्यानं मोटरसायकलवर घालून दवाखान्यात नेलं, मी परभणीवरून थेट तिथंच पोचलो. तिथल्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, बाटली आणलीय का? पुतण्यानं शहाणपणा करून आणली होती. डॉक्टरांनी ती घेतली, लेबलवरनं बोट फिरवत काहीतरी शोधायला लागले, सापडेना, मग नर्सला मोबाईलचा टॉर्च धरायला लावला आणि एका कोपऱ्यात बोट ठेवून म्हणले, पिवळा आहे. मी वाकून बघितलं. शंकरपाळ्याच्या आकाराचा एक चौकोन, मधून आडवी रेघ, खालचा अर्धा भाग पिवळा. दोन रात्री दवाखान्यात काढल्या, मावशी बऱ्या होऊन घरी आल्या. घरी आल्यावर मी त्यांना ते चिन्ह दाखवलं, तर म्हणल्या, "सर, ही टिकली व्हय? मला वाटलं कंपनीचा शिक्का हाय."

हे वाक्य मला अजून विसरता येत नाही. कारण मलाही तोपर्यंत त्याचा अर्थ धड माहीत नव्हता, आणि मी एकतीस वर्षं लेकरांना त्रिकोण काढायला शिकवलाय.

मग मी लागलो त्याच्या मागं. कीटकनाशकाच्या १९७१च्या नियमांत हे चिन्ह सांगितलेलं आहे. ४५ अंशात तिरका केलेला चौरस, त्याचे दोन सारखे त्रिकोण, वरच्यात इशाऱ्याचा शब्द नाहीतर खूण, खालच्यात रंग. लाल म्हणजे अत्यंत विषारी, पिवळा म्हणजे जास्त विषारी, निळा मध्यम आणि हिरवा म्हणजे किंचित विषारी. लाल म्हणजे किती, तर तोंडावाटे पोटात गेलं तर प्रयोगातली निम्मी जनावरं मरायला किलोमागं १ ते ५० मिलिग्रॅम पुरतं. पिवळ्याला ५१ ते ५००. मिलिग्रॅम म्हणजे ग्रॅमचा हजारावा भाग, मिठाची चिमूट पण त्यापेक्षा लई मोठी असते. कवटीचं चित्र लालवर असतं, त्यामुळं ज्याला वाचता येत नाही त्याला पिवळ्या बाटलीवर कवटी दिसतच नाही, तिथं फक्त अक्षरात विष लिहिलेलं असतं. मावशींच्या हातात आलेली बाटली पिवळीच होती.

आता मेंदूचं, म्हणजे अक्षर न येणाऱ्याला असं चिन्ह कसं दिसतं ते. मी हे सगळं रिटायर झाल्यावर वाचत बसलो, पोराने मोबाईलवर काढून दिलं, काही पुस्तकांतनं. आपल्याला वाटतं डोळा फोटो काढतो आणि मेंदू तो बघतो. तसं नसतं. डोळ्यातनं निघालेला संदेश डोक्याच्या मागच्या बाजूला, मान संपते त्याच्या थोडं वर, तिथल्या भागात पोचतो आणि तिथं पहिलं काम होतं ते रेघा ओळखायचं. हे शोधलं डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन व्हीझल ह्या दोघांनी, १९५९मध्ये त्यांचा पहिला मोठा लेख आला. मांजराच्या मेंदूतल्या एकेका पेशीला बारीक तार लावून ते पडद्यावर ठिपके दाखवत होते, पेशी ढिम्म. तासन्‌तास काही नाही. मग काचेची स्लाईड मशीनमध्ये सरकवताना तिच्या कडेची एक पुसट सावली पडद्यावरनं सरकली आणि पेशी अशी तडतडायला लागली की थांबेना. तिला ठिपका नको होता, रेघ हवी होती, आणि ती पण एका ठराविक तिरपेपणाची. कुठली पेशी उभ्या रेघेला जागी होते, कुठली आडवीला, कुठली तिरपीला. १९८१मध्ये दोघांना नोबेल मिळालं. मला हे वाचताना अंगावर काटा आला, कारण पहिलीच्या लेकरांना आपण पाटीवर आधी उभी रेघ, आडवी रेघ, तिरपी रेघ काढायला लावतो आणि मगच ग गवताचा. मेंदू पण तिथनंच सुरुवात करतो.

म्हणजे अक्षर ही लई नंतरची गोष्ट. वाचायला शिकल्यावर मेंदूच्या डाव्या बाजूला खालच्या अंगाला एक जागा अक्षरांसाठी तयार होते, ती शाळेनं घडवलेली असते. शाळेत न गेलेल्या माणसात ती तशी घडत नाही. पण रेघ, कोन, आकार ओळखायचं सामान सगळ्यांकडं असतं, माझ्याकडं जेवढं तेवढंच मावशींकडं.

ह्याचा पुरावा पण आहे. फ्रान्समधल्या स्टानिस्लास देहान ह्यांच्या टीमनं २०२१मध्ये एक प्रयोग छापला. पडद्यावर सहा चौकोनी आकृत्या, पाच सारख्या, एकीचा एक कोपरा थोडा सरकवलेला, वेगळी कुठली ते दाखवायचं. पाच आकृत्या चौरस नाहीतर आयत असतील तर वेगळी पटकन सापडते, वेड्यावाकड्या चौकोनांत मात्र चुका वाढतात. हे फ्रान्समधल्या शिकलेल्या मोठ्या माणसांत दिसलं, बालवाडीच्या लेकरांत दिसलं, आणि आफ्रिकेत नामिबियामधले हिंबा लोक, जनावरं पाळणारे, शाळा न बघितलेले, त्यांच्यात पण दिसलं. बबून माकडांना तोच खेळ शिकवला, बाकीच्या चित्रांत ती वेगळं ओळखायची, पण चौरस काय आणि वाकडातिकडा चौकोन काय, त्यांना सारखंच. म्हणजे काटकोन, समान बाजू, समांतर रेघा हे कळणं माणसाच्या जातीचंच आहे, त्याला शाळेचा दाखला लागत नाही.

मी हे घरी करून बघितलं. जुन्या लग्नपत्रिकांच्या पाठीमागं स्केचपेननं आकृत्या काढल्या, ओट्यावर मांडल्या. माझी नात पाचवीत आहे, ती आणि मावशी शेजारी बसवल्या. चौरसांत दोघींचं बोट एकदमच पडलं. वाकड्या चौकोनांत दोघी पण अडखळल्या. मावशींना विचारलं, कसं कळलं हो, तर म्हणल्या, "ह्यो कोपरा ढिला पडलाय की." गोधडी शिवणाऱ्या बाईला कोपरा ढिला पडलेला कळणार नाही तर कुणाला कळणार!

आणि एक गोष्ट, जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटती. अमेरिकेत क्रिस्टिन लार्सन आणि त्यांच्या सोबत्यांनी २००७मध्ये दाखवलं की टोक खाली असलेला व्ही आकार माणसाला टोक वर असलेल्या त्याच आकारापेक्षा लवकर दिसतो. पुढं २००९मध्ये त्यांनी मेंदूचं स्कॅनिंग करून बघितलं तर टोक खाली असलेला साधा आकार दिसला की मेंदूतला अमिग्डाला, म्हणजे बदामाएवढा एक भाग जो धोक्याची चाहूल घेतो, तो जागा होतो. नुसता आकार हां, त्यावर ना डोळे ना तोंड ना काही. त्यांचं म्हणणं असं की रागावलेल्या माणसाच्या भुवया नाकाकडं उतरतात, तो खालच्या टोकाचा कोन आपण पिढ्यान्‌पिढ्या धोका म्हणून ओळखत आलोय. चित्र काढणाऱ्याला हे आधीपासून ठाऊक असतं. लेकरांना राक्षस काढ म्हणलं की भुवया तशाच उतरवतात, कुणी शिकवलेलं नसतं.

आता परत त्या बाटलीकडं या. शंकरपाळं मधून आडवं कापलं की खालच्या अर्ध्याचं टोक खाली येतं. आणि रंग भरलेला भाग तोच. म्हणजे नियम करणाऱ्यांनी १९७१मध्ये, हे स्कॅनिंग बिनिंग काही नसताना, नेमका तो आकार घेतला जो माणसाचा मेंदू लवकर पकडतो. एवढी चांगली गोष्ट हातात असून आपण ती करंगळीच्या नखाएवढी करून ठेवलीय.

मी पट्टीनं मोजलं. लेबलची पुढची बाजू साडेचार सेंटिमीटर बाय सहा. शंकरपाळ्याची बाजू १.३ सेंटिमीटर. नियम म्हणतो लेबलच्या पुढच्या भागाचा कमीत कमी सोळावा हिस्सा. गणित केलं तर बरोबर सोळावाच हिस्सा भरतो, त्याच्यावर जरापण नाही. बरं हा हिस्सा पूर्ण शंकरपाळ्याचा, रंगाचा त्रिकोण त्याच्या निम्मा. आणि बाकीच्या लेबलवर काय, तर कंपनीचं नाव, फुटलेल्या बोंडांचं मोठं चित्र, इंग्रजीत नाव, पिवळा पट्टा, लाल पट्टा, बारीक अक्षरांच्या रांगा. विड्या-सिगारेटच्या पाकिटावर १ एप्रिल २०१६पासून दोन्ही बाजूंना ८५ टक्के जागा इशाऱ्याच्या चित्राला आणि मजकुराला मिळून द्यावी लागते. ते बरोबरच आहे. पण तंबाखू माणसाला वर्षानुवर्षं खाते आणि हे एका घोटात खातं, मग ह्याला सहा-सव्वासहा टक्के का?

गर्दीत लहान आकार का हरवतो ह्याचंही कारण मेंदूतच आहे. ॲन ट्रीझमन नावाच्या बाईंनी १९८०मध्ये मांडलं की हिरव्या ठिपक्यांत एकच लाल ठिपका असला तर तो आपोआप उडी मारून डोळ्यांत येतो, आजूबाजूला दहा ठिपके असू द्या का शंभर. पण तो लाल चौकोन असला आणि आजूबाजूला लाल गोल आणि हिरवे चौकोन दोन्ही असले, की मेंदूला एकेक करून शोधत जावं लागतं आणि जेवढी गर्दी तेवढा वेळ. लेबलवर सगळीकडं लाल-पिवळे पट्टे मारले की आपलं शंकरपाळं त्या दुसऱ्या जातीत जातं. डॉक्टरांना टॉर्च धरून शोधावं लागलं ते काही त्यांचे डोळे अधू होते म्हणून नाही.

रंगाचं पण थोडं बोलतो. चारही दर्जांना आकार एकच आहे, फरक फक्त रंगात. लाल-हिरव्यातला फरक न कळणारी माणसं असतात, पुरुषांत जास्त, माझ्या वर्गात दरवर्षी एखादं लेकरू निघायचं जे पानं तपकिरी रंगवायचं आणि मार खायचं, मीसुद्धा सुरुवातीला रागावलोय. कंदिलाच्या उजेडात, बाटलीवर माती बसली, ऊन लागून छपाई उडाली, की लाल-पिवळ्यात पण गफलत होते. आणि हिरवा! आपल्याकडं बिस्किटाच्या पुड्यावरचा हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी, चालतंय, हे लेकरालाही माहीत. तोच हिरवा विषाच्या बाटलीवर बघून माणूस म्हणतो ह्याला काही होत नाही, हातमोजे कशाला, तोंडाला रुमाल कशाला. हिरवा म्हणजे कमी विषारी, बिनविषारी नव्हे, हे कुठल्याच दुकानात मला कुणी सांगितलेलं नाही. खाण्याच्या पदार्थांत तर सरकारनंच रस्ता दाखवलाय, मांसाहाराचा तपकिरी गोल काढून तपकिरी त्रिकोण आणला, कारण रंग न कळणाऱ्याला हिरवा गोल आणि तपकिरी गोल सारखेच दिसायचे. चिवड्याच्या पुड्याला जे सुचलं ते विषाच्या बाटलीला सुचायला काय हरकत आहे?

कुणी म्हणेल, अहो आकार मोठा केल्यानं काय होणार, अर्थ माहीत नसेल तर. हे म्हणणं मला पटतं. मेंदू आकारापाशी थबकतो, पण त्याचा अर्थ शिकवावाच लागतो, तो जन्मासोबत येत नाही. पण आपल्या लोकांना आकार शिकवणं अवघड नाही, हे ह्याच देशानं करून दाखवलंय. १९५१-५२च्या पहिल्या निवडणुकीत लिहिता-वाचता न येणाऱ्या कोट्यवधी लोकांनी चिन्ह बघून मत टाकलं. १९६०च्या दशकात कुटुंब नियोजनाचा लाल त्रिकोण आला, तो पण टोक खाली असलेला, आरोग्य केंद्राच्या भिंतीवर, एसटीच्या पाठीमागं, पंचायतीच्या दारावर. माझ्या आजीला अक्षर येत नव्हतं पण लाल त्रिकोण म्हणजे काय हे विचारलं की पदर तोंडाला लावून हसायची. तो त्रिकोण भिंतभर होता. हात-हात मोठा. म्हणून पोचला.

तिकडं यवतमाळात २०१७च्या हंगामात फवारणीच्या विषबाधेनं २०च्या वर शेतकरी-मजूर गेले. तेव्हा पेपरात रोज बातम्या होत्या, तुमच्याही. त्याची कारणं बरीच होती, ती सगळी लेबलवर ढकलणं खोटं होईल. पण आपल्याकडं फवारा मारणारा माणूस बहुतेक वेळा रोजानं आलेला असतो, बाटली दुकानातनं आणणारा दुसरा, लेबल वाचू शकणारा तिसरा. ज्याच्या पाठीवर पंप त्याच्या डोळ्यांना दिसेल अशी एकच गोष्ट बाटलीवर आहे आणि ती आपण लपवल्यासारखी ठेवलीय.

माझी मागणी दिल्लीकडं आहे ती एवढीच, की सोळावा हिस्सा जाऊन निदान पुढच्या बाजूचा तिसरा हिस्सा करा, त्याच्या भोवती पांढरी जागा मोकळी सोडा, पिवळ्यावर पण कवटी टाका, आणि चारी दर्जांना रंगासोबत आकाराचाही फरक द्या. चार आडव्या रेघा, तीन रेघा, दोन, एक, असं काहीही चालेल, अंधारात बोटानं चाचपून कळेल असं उठावाचं केलं तर लई बरं. दुकानदारांकडं मागणी अशी की बाटली पिशवीत टाकायच्या आधी त्या शंकरपाळ्यावर बोट ठेवून रंगाचं नाव मोठ्यानं म्हणा, दहा सेकंद लागतात. मी ज्या दुकानातनं घेतली तिथल्या पोरानं बिल फाडलं आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडं वळला. आणि शाळांना हात जोडून सांगतो, चित्रकलेचा तास गणित-इंग्रजीच्या जादा तासाला देऊन टाकू नका. सातवी-आठवीच्या लेकराला हे चार शंकरपाळे काढून रंगवायला लावा, ते घरी जाऊन आईबापाला सांगतं, आणि लेकराचं घरात ऐकतात.

मी माझ्यापुरतं सुरू केलंय. पोळ्याच्या आधी गावातल्या मारुतीच्या पाराजवळच्या भिंतीवर सरपंचांना विचारून चार शंकरपाळे काढले, एकेक दोन हात उंच. रंग ऑइलपेंटचा, पावसानं जात नाही. पाराजवळ बसणारी म्हातारी माणसं आता फवारायला निघालेल्या पोराला विचारतात, कोणतं हाय रे, लाल का पिवळं? फवारणीचं औषध देवळीतनं काढून कुलपाच्या पेटीत ठेवलंय, आणि घरात आम्ही त्याला औषध म्हणायचं बंद केलंय, सरळ विष म्हणतो. सुरुवातीला जिभेला जड गेलं, आता सवय झालीय.

तुमच्याकडं एक विनंती. तुमचं शेतीचं पान रंगीत असतं. पुढच्या पंधरवड्यात कधीपण, त्या पानावर हे चार शंकरपाळे तळहाताएवढे छापा, खाली चार शब्द, बाकी काही नको, जाहिरात शेजारी नको. आमच्या गावात तुमचे अकरा अंक येतात. त्यातला एक कापून मावशींना आखाड्याच्या दाराला आतनं चिकटवायचाय, खळ त्यांनी आत्ताच शिजवून ठेवते म्हणून सांगितलंय.

आपला,
एक निवृत्त चित्रकला शिक्षक
ता. जिंतूर, जि. परभणी